पांढऱ्या पडद्यावरचं जहाज

३० डिसेंबर, मुखेड

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. सकाळीच शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबिल आणि भज्जी झाली. मग नेहमीप्रमाणे अप्पा आरोळी देत शेताभोवती फेरी घालायला निघाले. त्यांची आरोळी ओढ्यापलीकडच्या शेतांत ऐकू जाते आणि तिकडून उत्तर येतं. आज त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. माझ्या भावाने, वीरण्णाने, हसत पुढची फेरी घेतली. "अप्पा, थंडी बाधली तुमाला," म्हणाला.

थंडी नाही. बसलेला आवाज खरखरतो. अप्पांचा आवाज गळतोय. दोन पडदे मिटताना मध्ये फट राहावी तसा. दिवाळीपासून मी सांगते आहे की लातूरला दाखवून घ्या. ते "हाव" म्हणतात आणि उठून जातात.

आज पुनम आंबिलीचा लोटा घेऊन त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "अप्पा, येत्या सोमवारी जायचं लातूरला. मी संगं येते. न्हाई म्हणला तर मी बी जेवत न्हाई." अप्पा हसले. म्हणाले, "बरं बाई."

पुनम वीरण्णाची बायको, अप्पांची सून. लग्नाला दोन वर्षं झाली. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान आहे. मी तिला तोंडावर वहिनी म्हणते.

ते जाणार आहेत, हे महत्त्वाचं. कुणाच्या सांगण्यावरून, हे नाही.

९ जानेवारी, नांदेड

वीरण्णाचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत रेकॉर्डिंगवर होते. समोर काचेपलीकडे एक गृहस्थ बियाण्यांच्या जाहिरातीचं वाक्य वाचत होते. "रिपोर्ट चांगला न्हाई," अण्णा म्हणाला. स्वरयंत्राचा कर्करोग आहे. सहा फेब्रुवारीला लातूरला ऑपरेशन. स्वरयंत्र काढून टाकणार. गळ्याला छिद्र ठेवतील, श्वास तिथून घेता येईल. जीव वाचण्याची शक्यता चांगली आहे. आवाज राहणार नाही.

मी जाहिरात पूर्ण केली. 'स' फार शिट्टी मारत होता, तो खाली आणला.

१० जानेवारी

अप्पांबद्दल लिहून ठेवते.

सिद्रामप्पा हे माझ्या वडिलांचं नाव. मी कॉलेजला जाईपर्यंत त्यांचा तंबूचा सिनेमा होता. यात्रा तिथे तंबू. देवाचे सिनेमे चालायचे, मारामारीचे चालायचे, पण लोक दरवर्षी विचारायचे तो बेटाचा सिनेमा. अप्पांनी तो हैदराबादला एका भंगारवाल्याकडून उचलला होता. डब्यावर नाव नव्हतं. सिनेमा इंग्रजी, कुणालाच कळायचा नाही. म्हणून अप्पा सिनेमाचा आवाज बंद करून मशीनशेजारी माइक घेऊन उभे राहायचे आणि स्वतः सांगायचे. जहाज फुटतं, आई, बाप, दोन मुलगे, एक मुलगी आणि एक शेळी ओसाड बेटावर पोचतात. मोडक्या जहाजाचा अर्धा भाग उलटा घालून घर करतात. वादळ येतं, चोर येतात, आई आजारी पडते. अप्पांच्या तोंडून हे सगळं मुखेड तालुक्यात घडायचं. "ह्यो बगा बाप. दिसायला इंग्रज, पर अक्कल आपल्या तलाठ्याएवढीच." किंवा, "शेळी बगा, शेळी! जहाज बुडालं पर शेळी वाचली. आपल्या बाजारातली असनार."

शेवटचं रीळ पहिल्यापासूनच नव्हतं. मुलगी समुद्रकाठच्या खडकावर जाळ राखत उभी आहे, आणि सिनेमा तुटतो. पडदा पांढरा. अप्पा मशीनचा दिवा चालू ठेवायचे आणि त्या पांढऱ्या पडद्यावर शेवट सांगायचे.

मी लहान असल्यापासून मशीनजवळ बसायचे. रिळं कोणत्या क्रमाने, कोणता सांधा कुठे अडकतो, दिवा कधी तापतो, मला माहीत आहे. घरी अप्पा बोलत नाहीत. दिवसाला चार वाक्यं. जे काही बोलले ते तंबूत.

तो आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. ते काम माझं आहे आणि ते मला येतं.

१८ जानेवारी, मुखेड

लातूरहून चंद्रप्पा आले होते. मुलांसाठी सिनेमाचा क्लब चालवतात. लहानपणी आजोळी यात्रेत त्यांनी अप्पांचा तंबू पाहिला होता. अप्पांच्या पायाला हात लावून म्हणाले, "शरणु अप्पा. एकदा, फक्त एकदा आमच्या लेकरांना ऐकवा. एक फेब्रुवारीला हॉल घेतो."

डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलं आहे. ओरडायचं अजिबात नाही. सबंध सिनेमा सांगणं शक्यच नाही, कुणीतरी वाटून घ्यावं लागेल. मी रिळांच्या डब्यांकडे बघत होते. मला तो सिनेमा वाक्यावाक्याने पाठ आहे. हे घरात सगळ्यांना माहीत आहे असं मी धरून चालले होते.

अप्पांनी सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "सुरुवात मी करतो. मधलं पुनम सांगंल. शिल्पा मशीनवर." म्हणजे मी.

पुनमने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अप्पा! मी? अवो, मी त्यो सिनेमा बघितला बी न्हाई!"

"म्हणूनच," अप्पा म्हणाले.

माझी आई, अव्वा, माझ्याकडे बघत होती. मी चंद्रप्पांना हॉलमध्ये विजेची जोडणी कशी आहे ते विचारलं.

१९ जानेवारी

निर्णय योग्य आहे. मशीन जुनं आहे, ते चालवणारं दुसरं कुणी नाही. पुनम अंगणवाडीत मुलांना गोष्टी सांगते, तिला सवय आहे. पुनमचं माहेर किल्लारी; तिकडच्या लोकांचा आवाज मोकळा असतो, असं अव्वा म्हणते. याला काही आधार नाही.

तिच्या आवाजाचे दोष: श्वास वाक्याच्या मध्येच घेते. 'ळ' पुढे येतो. हसायला आलं की माइकपासून तोंड बाजूला करते, त्यामुळे शब्दाचा शेवट हरवतो. माझ्या आवाजात यातलं काहीही नाही. माझा आवाज सपाट आहे, पण स्वच्छ आहे.

आज भिंतीवर चादर लावून तालीम घेतली. अप्पा एक वाक्य हळू सांगतात, पुनम ते मोठ्याने म्हणते आणि स्वतःचं काहीतरी घालते. आईने बेटावर पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हा अप्पांचं वाक्य आहे, "कुठंबी न्या, बाई आधी चूल मांडती." पुनमने पुढे जोडलं, "आन् बाप्या आधी बसायला जागा बघतो." अप्पा इतके हसले की खोकला लागला. मी रेकॉर्डिंग थांबवलं. अप्पा माझ्या कुठल्याही वाक्यावर हसल्याचं मला आठवत नाही. मी हसण्यासारखं बोलत नाही, हेही खरं.

संध्याकाळी अप्पा एकटे होते. म्हटलं, शेवट रेकॉर्ड करू या, आत्ता आवाज बरा आहे. त्यांनी मान हलवली. "त्यो नको."

"का?"

"त्ये रेकॉर्डिंग बंद कर."

बाकी सगळं रेकॉर्ड करायला तयार आहेत. फक्त शेवट नाही. तो पुनमला आयत्या वेळी, सगळ्यांसमोर द्यायचा असणार.

२२ जानेवारी, नांदेड

आज तो सिनेमा सापडला. सगळा. काल-परवा तालमीत चादरीवरच्या चित्रांचे काढलेले फोटो घेऊन इंटरनेटवर शोध घेत होते; एका परदेशी संग्रहात पूर्ण प्रत निघाली. रंग स्वच्छ आहेत. आम्ही ज्याला संध्याकाळ समजत होतो ती दुपार आहे. आमची प्रत लाल पडली होती.

स्टुडिओचं काम संपल्यावर हेडफोन लावून पाहिला. तंबूत आवाज बंद असायचा, त्यामुळे यातली माणसं मी पहिल्यांदाच बोलताना ऐकली.

अप्पांच्या गोष्टीतली मुलगी मुकी आहे. "ह्या पोरीला बोलता येत न्हाई. पर तिला समदं ऐकू येतंय. वादळ यायच्या आधी तिला ठावं असतंय." हे चूक आहे. मुलगी बोलते. सगळ्यांत जास्त संवाद तिचेच आहेत. पहिल्या रिळात तर ती थांबतच नाही. इतकी वर्षं तिचे हलणारे ओठ मी पाहिले आहेत आणि तरीही ती मुकी आहे हे मानलं आहे. विचित्र आहे.

शेवटही वेगळा. अप्पांचा शेवट असा: मुलीला लांब जहाज दिसतं, पण तिला हाक मारता येत नाही. मग अप्पा तंबूला विचारायचे, "आता हाक कोण मारनार?" आणि सगळा तंबू पांढऱ्या पडद्याकडे बघून ओरडायचा, "ओ जहाजवालेऽऽ!" तीनदा. तिसऱ्यांदा अप्पा म्हणायचे, "वळलं! जहाज वळलं!" लोक उभे राहायचे. मग सगळं कुटुंब जहाजावर चढतं, मुलगी मात्र मागे राहते. "का राहिली? उद्या आनिक कुनाचं जहाज फुटलं तर? इस्तू कोन राखनार?" इस्तू म्हणजे तो जाळ. एवढं बोलून दिवा बंद.

मी कधी ओरडले नाही. माझा हात दिव्याच्या बटणावर असायचा.

खऱ्या सिनेमात जहाज आपोआप येतं आणि सगळ्यांच्या आधी मुलगीच पाण्यात धावते.

२५ जानेवारी, मुखेड

अप्पांना सांगितलं, पूर्ण सिनेमा सापडला. शेवटचं रीळही आहे त्यात.

ते खाटेवर बसले होते. हळू विचारलं, "बघितलास तू?"

"हो."

"जहाज येतंय?"

"येतं. पण अप्पा, ती मुलगी..."

त्यांनी हात वर केला. "नको सांगू."

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. निदान उत्सुकता. चाळीस वर्षं जिचा शेवट माहीत नाही अशी गोष्ट सांगणाऱ्या माणसाला तो नको असतो, हे मला समजत नाही.

२६ जानेवारी

बाजाराचा दिवस. अप्पांसाठी मफलर घ्यायला गेले. मडिवाळप्पा शिंप्यांच्या दुकानाजवळ हाक आली, "ये सिद्रामप्पाच्या लेकी!" लातूरच्या शोची बातमी त्यांना कळली होती. मशीनवरून पाय न काढता म्हणाले, "मी पहिल्या साली बघितलेला त्यो सिनेमा. तवा ती पोरगी लई बडबडी व्हती. समद्यास्नी शिव्या घालायची. लोक हसून हसून लोळायचे. मंग मधीच एका साली अप्पांनी तिला मुकी करून टाकली."

मी विचारलं, का?

"आमी बी इचारलं. म्हनलं अप्पा, पोरीची बोबडी का वळली? तर म्हनले, बोबडी न्हाई वळली, ती ऐकून राहिली."

म्हणजे गोष्ट पहिल्यापासून अशी नव्हती, अप्पांनी मध्येच बदलली. आवृत्त्या एकसारख्या नाहीत. रेकॉर्डिंगच्या नोंदीत हे लिहायला हवं.

घरी आले तर पुनम भाकरी थापत तालीम करत होती. एकटीच. "...आन् पोरगी चढली खडकावर. हातात जळतं लाकूड. वारं सुटलंय. पोरगी बघून राहिली..." इथे मी दारात आले आणि ती थांबली.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढं काय, एवढंच," म्हणाली आणि तव्याकडे वळली. कान लाल झाले होते.

मला शेवट ऐकू द्यायचा नाही. ठीक आहे. तो शेवट मी ती या घरात यायच्या आधीपासून ऐकते आहे.

२७ जानेवारी

आज बसमध्ये सबंध वाटेवर एकच विचार. तो शेवट तिच्या तोंडून ऐकायचा. वाक्याच्या मध्येच श्वास घेत, 'ळ' पुढे काढत. आणि अप्पा हसणार, आणि हॉल उभा राहणार, आणि पुढे कुणी विचारलं की सिद्रामप्पांची गोष्ट कुणाकडे आहे, तर सून सांगते म्हणतील.

मी हे लिहिते आहे कारण ते खरं आहे. याचा तिच्या वागण्याशी संबंध नाही. तिने मला कधी वाईट वागवलेलं नाही. परवा माझ्यासाठी वेगळी, बिनतिखटाची भाजी केली होती. त्याचाही राग आला.

२८ जानेवारी, नांदेड

चंद्रप्पांना फोन केला. सांगितलं, मूळ शेवट उपलब्ध आहे, संवादांच्या मराठी पाट्या मी खाली घालून देईन. पांढरा पडदा दाखवण्यापेक्षा मुलांना खरा शेवट दिसावा.

"अरे वा! ओरिजनल एंड! ताई, हे तर बेष्टच. अप्पांना चालंल न्हवं?"

मी म्हणाले, अप्पांचा आवाज तिथपर्यंत टिकणार नाही. शेवट कुणाला सांगावाच लागणार नाही.

यात खोटं काही नाही.

फाइल तयार केली. आमचं रीळ जिथे तुटतं त्याच्या पुढच्या चौकटीपासून ती सुरू होते. दुसरा प्रोजेक्टर आधीच लावून ठेवायचा, कळ दाबायची. सांधा दिसणारही नाही.

३१ जानेवारी, मुखेड

रिळं, मशीन, दोन जादा दिवे, केबल बांधून ठेवल्या. अव्वा जुन्या लुगड्याच्या घड्या डब्यांभोवती लावून देत होती. म्हणाली, "ह्याच डब्यावर बसायचीस तू. चार वर्साची झाली तरी तोंडातून अक्षर न्हाई. समदे म्हनायचे, सिद्रामप्पाची पोरगी मुकी. मी देव देव करत फिरले. ह्यांनी मातर तुला उचललं आन् मशीनपाशी बशीवलं. म्हनले, हिला ऐकायचंय आजून, बोलंल मंग."

"मग मी कधी बोलले?"

"बोललीस की. तंबूतच. मशीन बिघडलं तवा. 'अप्पा, पट्टा सैल झालाय.' पहिलं बोलनं त्ये तुझं." हसली. मग डबा बांधता बांधता म्हणाली, "तू आन् तुझा बाप. एकजन सांगत न्हाई, दुसरी इचारत न्हाई. मधी मी मरते."

केबलचा एक जोड सैल होता. तो डाग देऊन पक्का केला.

२ फेब्रुवारी, लातूर

काल शो झाला. क्रमाने लिहिते.

हॉल भरला. पुढे मुलं, मागे मोठी माणसं. मोठी माणसं अपेक्षेपेक्षा जास्त होती. मडिवाळप्पा मुखेडहून बसने आले होते, नवीन टोपी घालून. मी मध्यावर टेबलाशी: डावीकडे जुनं मशीन, उजवीकडे नवा प्रोजेक्टर आणि लॅपटॉप. अप्पा आणि पुनम पडद्याच्या कडेला खुर्च्यांवर, प्रत्येकाला वेगळा माइक.

अप्पांनी सुरुवात केली. आवाज पातळ होता, मी मिळेल तितका वर उचलला. "लेकरांनो, ह्यो समुद्र हाय. तुमी बघितला न्हाई, मी बी बघितला न्हाई. तवा आपन समदे सारखेच." जहाज फुटेपर्यंत त्यांनी नेलं. मग गळ्याला हात लावला आणि पुनमकडे बघितलं.

पुनमने चांगलं सांगितलं. यापेक्षा कमी लिहिलं तर ते चूक ठरेल. चोर आले तेव्हा एक मूल रडायला लागलं, तर ती गोष्टीतूनच त्याला म्हणाली, "रडू नगस राजा, ह्या चोरांना दोर बी नीट बांधता येत न्हाई, बग आता." आणि खरंच पडद्यावर चोराचा दोर सुटला. शेळी दिसली की सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. अप्पा तिच्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. अंधारातही मला ते दिसत होतं. मला ती जागा हवी होती. खुर्ची, माइक, अप्पांचं ते बघणं, सगळं.

आमच्याकडचं शेवटचं रीळ लावलं. मुलगी खडकावर चढली. "...वारं सुटलंय. पोरगी बघून राहिली..." पुनम म्हणाली.

रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. माझा उजवा हात लॅपटॉपवर होता.

पुनम उठली. मला वाटलं, उभी राहून शेवट सांगणार. ती माइक घेऊन, केबल मागे ओढत, दोन रांगांच्या मधून माझ्याकडे चालत आली. लोकांची डोकी वळली. तिने माइक माझ्यासमोर धरला. "घ्या ताई. फुडचं तुमचं."

"माझं?"

"मला न्हाई शिकवलं. अप्पा म्हनले, शेवट शिल्पाचा हाय, तिला ठावाय." मग कुजबुजत, "लवकर घ्या वो, समदे बघून राहिले."

मी अप्पांकडे पाहिलं. ते पडद्याच्या उजेडात बसले होते आणि माझ्याकडे बघत होते, मशीन अडकल्यावर बघायचे तसे, काही न सुचवता.

लॅपटॉपवरून हात काढला. माइक घेतला. प्रथम नुसता हाताळल्याचा खरखराट आला. हे मी कुणालाही माफ करत नाही. मग म्हणाले, "पोरीला दिसलं."

कर्ण्यातून माझा आवाज आला. सपाट.

"लांब. पाण्याच्या कडेला. जहाज." मला पुढचं वाक्य माहीत होतं आणि ते येत नव्हतं. "तिला... तिला बोलता येत नाही. आता हाक कोण मारणार?"

मागून मडिवाळप्पांचा आवाज आला, "आमी हाव की!" आणि मग सगळी मोठी माणसं, टक्कल पडलेली, चष्मेवाली, पांढऱ्या पडद्याकडे बघून ओरडली, "ओ जहाजवालेऽऽ!" मुलं दचकली. दुसऱ्या हाकेला मुलंही होती. तिसऱ्या हाकेला मीही ओरडले. माइक हातातच होता, मीटरवर पातळी पार लाल झाली.

"वळलं," मी म्हणाले. "जहाज वळलं."

लोक उभे राहिले. मला पडदा दिसेना. मी बाकीचं सांगितलं, सगळे गेले, ती राहिली. "इस्तू कोण राखणार?" म्हणाले आणि दिवा बंद केला.

चंद्रप्पा नंतर धावत आले. "ताई, ती फाइल लावली न्हाईत?" मी म्हणाले, आवाज जुळत नव्हता.

त्यांना ते पटलं. माझं उत्तर ऐकून पुनमने हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

बाहेर चहा पिताना पुनमला विचारलं, "त्या दिवशी भाकरी करताना थांबलीस..." आयुष्यात पहिल्यांदा तिला अगं-तुगं केलं, हे नंतर लक्षात आलं.

"मंग काय करू? फुडं येतच नव्हतं मला. तुमी दारात परीक्षा घ्यायला आल्यावानी उभ्या. लाजच वाटली." कपात फुंकर घातली. "मी बी आत्ताच ऐकला की शेवट, पहिल्यांदा. लई रडू आलं. ती मुकी पोरगी म्हंजे..." माझ्याकडे बघून थांबली. "जाऊ द्या. चा निवला."

५ फेब्रुवारी, लातूर

उद्या ऑपरेशन. अप्पा दवाखान्यात, अण्णा सोबत.

रेकॉर्डिंग ऐकते आहे. तीन वेगळे ट्रॅक: अप्पा, पुनम, हॉल. अप्पांचा माइक त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि मी तो बंद करायला विसरले होते. असं माझ्याकडून होत नाही.

पहिल्या हाकेला त्यात फक्त हॉल आहे. दुसरीलाही. तिसऱ्या हाकेत, अगदी जवळ, आधी नुसती हवा आणि मग फाटलेला एकच स्वर: "ओ". डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली होती. त्याच्या लगेच नंतर, पुनमच्या माइकमधून, माझा आवाज आहे. दोन्ही एकाच वेळी लावून पाहिले.

'ओ' विकृत आहे. पातळी ओलांडली आहे, मागे खुर्चीचा आवाज आहे. एरवी मी तो कापला असता.

चार वर्षांची. पट्टा सैल झालाय. ऐकून राहिली.

लिहिणं थांबवते.

१५ फेब्रुवारी, लातूर

अप्पा बरे आहेत. आज प्रथम खुर्चीत बसले. गळ्यात नळी आहे. त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला आहे, तो मी अजून शिकते आहे.

पुनमला त्यांचं सगळं आधी कळतं. बोट थोडं उचललं की पाणी, भुवई हलली की खिडकी. मला दोनदा विचारावं लागतं. आजही हेवा वाटला. तो गेलेला नाही. आता निदान त्याला त्याच्या नावाने लिहिते.

अव्वाने शाळेतली पाटी आणून दिली आहे. दुपारी पुनम मोसंबी सोलत होती. अप्पांनी पाटी मांडीवर घेतली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे वळवली.

"खरा शेवट सांग."

मी सांगितला, जसा आहे तसा. जहाज आपोआप येतं, कुणी हाक मारत नाही. मुलगी बोलते, सगळ्यांत जास्त तीच बोलते. जहाज दिसल्याबरोबर सगळ्यांच्या आधी पाण्यात धावते, छातीपर्यंत आत जाते, हात हलवते. बेटाकडे वळूनही बघत नाही. जाळ मागे तसाच विझतो.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. तळहाताच्या कडेने पाटी पुसली. पुनम मोसंबी तशीच हातात धरून पुढे वाकली. त्यांनी लिहिलं,

"चूक."

पुनम इतक्या मोठ्याने हसली की नर्स दारातून डोकावली. अप्पांचे खांदेही हलत होते, आवाज नव्हता. त्यांनी त्या शब्दाखाली आणखी दोन शब्द लिहिले आणि पाटी माझ्या हातात दिली.

"परत सांग."

मी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, "पोरीला दिसलं."